कथेतला प्रसंग: आधी तालीम, मग लेखन

कथेतला एखादा प्रसंग लिहून होतो, वाक्ये शुद्ध असतात, घटनांचा क्रम बरोबर असतो आणि तरीही वाचताना त्यातली माणसे जागची हलत नाहीत. कथा लिहिणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊक आहे. अशा वेळी आपण एखादे विशेषण काढतो, दुसरे घालतो, वाक्ये मागेपुढे करतो आणि तासाभराने जिथे होतो तिथेच परत येतो. माझे सांगणे असे, की त्या वेळी टेबलापासून उठावे, खोलीचे दार लावून घ्यावे आणि तो प्रसंग स्वतः करून पाहावा. पात्रे जिथे उभी आहेत तिथे उभे राहावे, त्यांच्या हातात जे आहे ते हातात घ्यावे आणि त्यांची वाक्ये मोठ्याने म्हणावीत. इंदुरात राहून मी मराठी कथा लिहिते, आणि माझ्या कथांमधले जे प्रसंग वाचकांच्या लक्षात राहिले ते जवळजवळ सगळे आधी स्वयंपाकघरात, गच्चीवर किंवा जिन्यात असे करून पाहिलेले होते.

समजावून सांगण्यासाठी एकच प्रसंग शेवटपर्यंत घेते. रामबागेतले वडिलोपार्जित घर विकायचे ठरले आहे. थोरला भाऊ सकाळीच धाकट्या बहिणीकडे, सुधाकडे, हक्क सोडल्याच्या कागदावर सही घ्यायला आला आहे. ती पोहे करते आहे. घर विकले जाणार ही बातमी तिला एका शेजारणीकडून आधीच कळली आहे आणि ते भावाला माहीत नाही. माझ्या पहिल्या खर्ड्यात सुधा म्हणत होती, “दादा, घर विकायचा निर्णय तू मला न विचारता घेतलास, याचं मला फार वाईट वाटलं.” त्यावर दादा म्हणत होता, “परिस्थितीच अशी होती की माझ्यापुढे दुसरा मार्ग नव्हता.” या दोन वाक्यांत चूक काढता येणार नाही. पण स्वयंपाकघरात उभे राहून सुधाचे वाक्य म्हणायला गेले, तेव्हा ते अर्ध्यातच थांबले. थोरल्या भावाशी, पाठमोरे उभे राहून, हात पाण्यात असताना, कोणतीही बहीण असे पूर्ण वाक्य बोलत नाही. हे मला टेबलावर बसून आठवडाभर कळले नव्हते.

ही मेहनत प्रत्येक पानासाठी करायची नसते. जिथे दोन माणसे समोरासमोर आहेत, दोघांना वेगवेगळे काही हवे आहे आणि त्यातले निदान एक तोंडाने सांगता येण्यासारखे नाही, तोच प्रसंग निवडावा. मधली दहा वर्षे कशी गेली, गाव कसे होते, पात्राच्या मनात काय चालले होते, हे भाग करून पाहण्याचे नाहीत. त्यांच्यासाठी फक्त मोठ्याने वाचन पुरते.

तयारी

खर्डा आधी लिहावा की आधी प्रसंग करून मग लिहावे, याबद्दल लेखकांत दोन मते दिसतात. मी खर्डा आधी लिहावा या मताची आहे, कारण काहीच लिहिलेले नसले तर अंग आणि जीभ सोयीच्या दिशेने वाहत जातात आणि अर्ध्या तासाने आपल्याजवळ केवळ एक लांबलचक भांडण उरते. खर्ड्यामुळे प्रसंगाला काठ मिळतात. मात्र लिहून झाल्यावर तो कागद खणात ठेवून द्यावा. कागद हातात असला की डोळे त्यावरच राहतात आणि करून पाहण्याऐवजी आपण वाचन करत बसतो.

त्यानंतर अर्ध्या पानाचे टिपण करावे. रशियन रंगकर्मी स्तानिस्लावस्की (1863–1938) नटाला दोन गोष्टी विचारायला शिकवत असे: पात्राला मिळालेली परिस्थिती नेमकी कोणती, आणि त्या परिस्थितीत मी असतो तर काय केले असते. लेखकालाही याहून वेगळे काही लागत नाही. आमच्या प्रसंगात दादा पलासियाहून स्कूटरने आला आहे, हे मी टिपणात लिहिले आणि लगेच प्रश्न उभा राहिला की हेल्मेट कुठे ठेवले. आल्याबरोबर हेल्मेट दारामागच्या खुंटीला अडकवणारा भाऊ आणि ते मांडीवर घेऊन बसलेला भाऊ, यांच्या भेटी वेगळ्या असतात. टिपणात वेळ, उजेड, प्रसंगाच्या अगदी आधी प्रत्येकजण काय करत होता, हातात काय आहे, लपवायचे काय आहे आणि हवे काय आहे, एवढे आले की पुरे. पात्राचा स्वभाव मात्र टिपणात लिहू नये. ‘तो अबोल आहे’ असे लिहून ठेवले की आपण अबोलपणाचे सोंग करतो आणि माणूस निसटतो.

मग जागा आखावी. माझ्या मते हा भाग सर्वांत दुर्लक्षित आहे. ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’च्या सतराव्या प्रकरणात नाटककाराला हाच सल्ला दिला आहे, की रचना करताना प्रसंग शक्य तितका डोळ्यांपुढे ठेवावा आणि जमेल तितके हावभावही स्वतः करून पाहावेत. तिथे त्याने कार्किनोस नावाच्या नाटककाराचे उदाहरण दिले आहे. त्याच्या नाटकात ॲम्फिअरेअस हे पात्र देवळातून बाहेर येत होते. प्रसंग प्रत्यक्ष न पाहिल्यामुळे त्यातली विसंगती लिहिणाऱ्याच्या लक्षात आली नाही, प्रेक्षकांच्या मात्र आली आणि नाटक रंगभूमीवर पडले. कथेच्या वाचकालाही अशी विसंगती जाणवते, पण तो उठून तसे सांगत नाही. त्याचा विश्वास उडतो एवढेच.

घरातला प्रसंग असेल तर दोन खुर्च्या, एक स्टूल आणि फरशीवर खडूची रेघ यांतून ओटा, दार आणि खिडकी आखता येते. पात्रांमध्ये किती पावलांचे अंतर आहे ते चालून मोजावे आणि टिपणात लिहावे. बाहेरचा प्रसंग असेल तर शक्य तोवर प्रत्यक्ष तिथे जावे. एका कथेत दोन जुन्या मैत्रिणी इंदुरातल्या राजवाड्यापासून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत, म्हणजे होळकरांच्या स्मारकांपर्यंत, चालत जातात आणि तेवढ्या वाटेत त्यांचा बारा वर्षांचा अबोला मिटतो, असे मी लिहिले होते. तो संवाद पुटपुटत मी ती वाट चालले. छत्र्या दिसू लागल्या तेव्हा माझ्या पानांपैकी तिसरा हिस्साही बोलून झाला नव्हता. शिवाय वाटेत इतकी गर्दी आणि हॉर्न होते की अबोला मिटवणारे मुख्य वाक्य तिथे ऐकूच गेले नसते. शेवटी त्या दोघी कथेत जवळजवळ न बोलता चालल्या आणि खान नदीकाठी छत्र्यांच्या पायऱ्यांवर बसल्यावर पहिले वाक्य आले.

पहिली फेरी न बोलता

पहिल्यांदा प्रसंग करताना एकही शब्द उच्चारू नये. केवळ हालचाली कराव्यात, आणि पात्र जे काम करत आहे ते काम खरोखर करावे. पोहे भिजवायचे असतील तर चाळणीत पोहे घेऊन नळाखाली धरावेत. हवेत हात हलवून भागवू नये. खऱ्या कामाला स्वतःचा वेळ असतो, आणि तो वेळ आपण कागदावर नेहमी चुकवतो. पोहे भिजतात, निथळत ठेवावे लागतात, दरम्यान फोडणीला मोहरी आणि आमच्याकडे बडीशेप पडते, आणि यातल्या कोणत्या क्षणी माणूस मान वर करून बोलू शकतो आणि कोणत्या क्षणी अजिबात नाही, हे हात सांगतात. तडतडत्या फोडणीवर कोणीही महत्त्वाचा प्रश्न विचारत नाही. विचारलाच, तर त्या माणसाला उत्तर ऐकायचे नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि हे समजून विचारायला लावले तर ते लेखकाच्या फार उपयोगी पडते.

एकदा सुधा होऊन झाले की तोच प्रसंग दादा होऊन करावा. मी तो केला तेव्हा हातात एक जुना स्टॅम्पपेपर घेतला होता. खर्ड्यात ‘दादाने कागद पुढे केला, तिने तो घेतला’ असे वाक्य होते. पण समोरच्या बाईचे हात ओले आहेत, तर ती कागद घेणार कसा? मी कागद ओट्यावर ठेवायला गेले, तर ओटाही ओला. तेव्हा काही ठरवण्याआधीच माझा दुसरा हात खिशाकडे गेला, रुमाल बाहेर आला आणि मी ओट्याचा तेवढा तुकडा पुसून त्यावर कागद ठेवला. मग मी थांबले, कारण प्रसंगाचे मर्म हाती लागले होते. दादाने कागदासाठी ओटा पुसला; बहिणीचे ओले हात दिसत असूनही रुमाल तिच्यापुढे केला नाही. ‘याचं मला फार वाईट वाटलं’ हे वाक्य आता लिहिण्याची गरज उरली नव्हती.

असे काही सापडले की लगेच आनंदून लिहायला बसू नये. फेरी पूर्ण करावी, आणि प्रसंगाच्या शेवटी दोघे कुठे उभे आहेत ते पाहावे. पुष्कळदा आपण पात्रांना आरंभीच्या जागेवरच सोडून दिलेले असते.

आवाज आणि अंतर

दुसऱ्या फेरीत बोलायचे आहे, पण खर्ड्यातली वाक्ये आठवून नव्हे. काय हवे आहे आणि काय लपवायचे आहे एवढेच ध्यानात ठेवून, तोंडात येतील त्या शब्दांत बोलावे. नाट्यशास्त्राने वाचिक अभिनयाचा विचार करताना उर, कंठ आणि शिर अशी आवाजाची तीन स्थाने सांगितली आहेत. दूरच्या माणसाशी शिरातून, फार दूर नसलेल्याशी कंठातून आणि अगदी जवळच्याशी उरातून बोलावे, असा त्याचा आशय आहे. लेखकासाठी हे फार व्यवहारी ज्ञान आहे. सुधा ओट्याशी पाठमोरी आहे आणि दादा चार पावलांवर खुर्चीत आहे. तिचा आवाज भिंतीकडे जातो. त्याला ऐकू जावे म्हणून तिला तो कंठापर्यंत चढवावा लागतो, आणि मनातली खरी गोष्ट त्या पट्टीत सांगता येत नाही. म्हणजे ती एक तर वळेल, किंवा ते वाक्य बोलणार नाही. आपले संवाद खोटे वाटतात त्याचे कारण बरेचदा हेच असते की उरातले वाक्य आपण कंठातून म्हणवून घेतलेले असते.

त्याच ग्रंथात काकूचा, म्हणजे आवाजाच्या वळणाने अर्थ बदलण्याचा विचार आहे. काही अपेक्षा बाकी ठेवणारी ती साकांक्ष आणि अपेक्षा न ठेवणारी ती निराकांक्ष. यासाठी एक सराव सुचवते. ‘बरं’ हा एकच शब्द घ्यावा आणि तो होकार, नाइलाज, धमकी, सांत्वन, कंटाळा आणि निरोप अशा निरनिराळ्या हेतूंनी म्हणून पाहावा. मग आपल्या कथेतला ‘बरं’ यांपैकी कोणता, हे त्याच्या आधीच्या दोन ओळींवरून वाचकाला कळते का, ते तपासावे. कळत नसेल तर ‘ती उपरोधाने म्हणाली’ असे क्रियाविशेषण चिकटवण्यापूर्वी मागच्या ओळी दुरुस्त कराव्यात. क्रियाविशेषण वाईट असते असे मी मानत नाही. परंतु प्रसंगाने करायचे काम त्याच्यावर टाकले की ते थकलेले दिसते.

एकट्याने दोन पात्रे कशी करावीत, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. आपल्याकडे याचे सर्वांत चांगले शिक्षण नारदीय कीर्तनात मिळते. उत्तररंगात आख्यान रंगते तेव्हा बुवा एकाच जागी उभे राहून राजा, राणी आणि दूत असे सगळे होतात, आणि पात्र बदलले आहे हे समजायला खांद्याचे थोडेसे वळण आणि नजरेची उंची पुरते. तसेच करावे. सुधा बोलताना नजर किंचित खाली आणि उजवीकडे, दादा बोलताना समोर आणि डावीकडे, असे एकदा ठरवून घेतले की पुढे गोंधळ होत नाही. आवाज बदलण्याच्या भानगडीत पडू नये. बाईचा आवाज, म्हाताऱ्याचा आवाज काढू लागलो की सगळे लक्ष नकलेत जाते.

यानंतरची फेरी मला सर्वांत मोलाची वाटते आणि तीच बहुतेकजण गाळतात. या फेरीत बोलणाऱ्याचे काम करायचे नाही, ऐकणाऱ्याचे करायचे. आधीच्या फेरीत दादाची वाक्ये मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावीत, ती लावावीत आणि सुधा होऊन नुसती ऐकावीत. दादा म्हणतो, “आई असती तर तिनंही हेच सांगितलं असतं.” हे वाक्य ऐकताना माझे हात थांबतात की अधिक जोरात चालू लागतात? कुठे मध्येच बोलावेसे वाटते? कुठे लक्षच उडते? रंगमंचावर नटाची पारख तो समोरच्याचे कसे ऐकतो यावरून होते, असे जुनी नाटकवेडी मंडळी सांगतात. रवींद्र नाट्यगृहात मागच्या रांगेत बसून मी ते अनेकदा पडताळून पाहिले आहे. कथेत आपण संवादांची टेबल-टेनिससारखी देवाणघेवाण लिहितो, कारण लिहिताना आपण केवळ बोलणाऱ्याच्या बाजूला असतो. ऐकणाऱ्याची फेरी केली की निम्मी उत्तरे गळून पडतात आणि त्यांच्या जागी एखादी कृती येते, किंवा विषय सोडून आलेले एखादे वाक्य येते. माझ्या प्रसंगात आईचा उल्लेख ऐकल्यावर सुधा थोडा वेळ काहीच बोलली नाही आणि मग तिने विचारले, “जिरावन घालू का वर? तुला चालत नाही ना हल्ली?” (जिरावन म्हणजे आमच्याकडे पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला.)

भाषा कोणती

महाराष्ट्राबाहेर राहून मराठी लिहिणाऱ्यांना ही पद्धत आणखी एका कारणासाठी हवी. आमची लेखी मराठी पुस्तकांतून आलेली असते आणि बोलण्याची मराठी हिंदीच्या शेजारात वाढलेली असते. पेन हातात घेतले की आमची पात्रे नकळत सदाशिव पेठेत राहायला जातात. ‘काय करून राहिलीस’ असे घरात सर्रास बोलणारी बाई कथेत ‘काय करते आहेस’ म्हणते, आणि ज्याच्या तोंडी दिवसभर ‘चाय’ असते तो कथेत ‘चहा घेणार का’ असे विचारतो. डोळ्यांना यात काही खटकत नाही. मोठ्याने म्हटले, आणि तेही हातातले काम चालू असताना, की जीभ आपल्या मूळ वळणावर जाते आणि लिहिलेले व बोललेले यांतले अंतर ऐकू येते.

दादाचा फोन वाजतो, असा प्रसंगाच्या मध्यावर एक टप्पा होता. खर्ड्यात तो दलालाशी मराठीत बोलत होता, ते तर सरळ चुकलेच होते. करून पाहताना मी फोन कानाला लावला आणि तोंडून आले, “हाँ भिया, वहीं बैठा हूँ। आज करा लेता हूँ साइन।” या वाक्यात मला दोन गोष्टी मिळाल्या. दादाचा आवाज हिंदीत मोकळा आणि जरा चढा होतो, मराठीत तो बहिणीपुढे अवघडलेला असतो. आणि ‘करा लेता हूँ’ हे सुधाने ऐकले. तिची सही म्हणजे करवून घेण्याचे एक काम आहे, हे त्याने तिला मराठीत कधीच सांगितले नसते.

याचा अर्थ जसे बोलतो तसे सगळे उतरवावे, असा मात्र नाही. प्रत्येक ‘राहिलीस’ आणि प्रत्येक हिंदी शब्द ठेवला तर वाचक अडखळतो आणि बोलीचे प्रदर्शन होते. मी एका पात्राला दोन किंवा तीन लकबी देते, त्या करून पाहताना सर्वांत आधी जिभेवर आलेल्या असतात, आणि बाकीचे वाक्य प्रमाण मराठीच्या जवळ ठेवते. कोणत्या जागी पात्र भाषा बदलते, याकडे मात्र काटेकोर लक्ष द्यावे. पैसा, दवाखाना, सरकारी काम यांचा विषय निघाला की आमच्या घरांत हिंदी येते. देव, स्वयंपाक आणि जुनी भांडणे मराठीत राहतात. हे माझ्या आसपासच्या घरांचे निरीक्षण आहे, तुमच्या पात्रांचे वेगळे असेल, पण ते ऐकूनच ठरवावे.

जागेचा आवाजही भाषेत मिसळतो. सराफ्यात दिवसा सोन्याचांदीची दुकाने असतात आणि रात्री ती बंद झाल्यावर खाण्याच्या गाड्या लागतात. तिथे हिवाळ्यात गरम गराडू, म्हणजे तळलेला कंद, खात दोन माणसे बोलत आहेत, असे लिहायचे असेल तर तोंडात खरोखर गरम घास घेऊन वाक्य म्हणून पाहावे. लांब वाक्य पुरे होत नाही, आणि ते तुटते तिथेच कथेतही तोडावे.

लिहायला बसताना

तीन-चार फेऱ्या झाल्या की अर्ध्या तासाच्या आत लिहायला बसावे. आधी हातांनी काय केले ते लिहावे, मग जागा कुठे बदलली ते, आणि सर्वांत शेवटी संवाद. ध्वनिमुद्रण लगेच ऐकू नये, कारण ऐकले की आपण लेखनिक होतो आणि शब्द न् शब्द उतरवत बसतो. जे आठवते तेच बहुधा कामाचे असते. दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रण ऐकून राहिलेले एखादे चांगले वाक्य परत आणावे. माझ्या या प्रसंगाचे मुद्रण नऊ मिनिटांचे होते. कथेत त्यातला दोन मिनिटांचा ऐवज आला.

इंग्रज कादंबरीकार डिकन्सच्या थोरल्या मुलीने त्याच्याविषयी एक आठवण लिहून ठेवली आहे. लिहिता लिहिता तो उठून आरशापुढे जाई, चेहऱ्याचे चमत्कारिक आविर्भाव करी, परत येऊन भराभर लिही आणि पुन्हा आरशाकडे जाई. पुढे 1858 पासून त्याने व्यवसाय म्हणून स्वतःच्या साहित्याचे जाहीर वाचनाचे कार्यक्रम केले आणि त्यासाठीच्या प्रतींच्या समासात आवाजाच्या व हावभावांच्या सूचना लिहिल्या. समासातल्या खुणांची ही सवय उचलण्यासारखी आहे. मी खर्ड्याच्या डाव्या समासात पेन्सिलने श्वास कुठे घेतला, मध्ये कुठे थांबले आणि आवाज कुठे खाली गेला, एवढ्या तीन खुणा करते. परिच्छेद कुठे पाडावा आणि वाक्य कुठे तोडावे, हे ठरवताना त्या उपयोगी पडतात. आरशाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. आरशात आपण स्वतःला बाहेरून पाहतो आणि पात्र आतून निसटते, म्हणून निदान आरंभीच्या फेऱ्यांत तो नसावा.

लिहिताना आणखी एक मोह टाळावा लागतो. करून पाहिलेली प्रत्येक हालचाल आपल्याला प्रिय होते आणि मग पानावर सगळेजण सारखे उठतात, बसतात, मान वळवतात, सुस्कारा सोडतात. तो नाटकाच्या सूचनांचा कागद होतो. नियम कडक ठेवावा: ज्या हालचालीमुळे दोन माणसांमधले काही बदलते तीच ठेवावी. माझ्या प्रसंगात रुमाल राहिला, हेल्मेट राहिले, आणि खुर्ची पुढे ओढण्यापासून चष्मा पुसण्यापर्यंत बाकी सगळे गेले.

ज्यांना अभिनय चांगला येतो त्यांना या पद्धतीचा धोका अधिक आहे. कसलेला आवाज कच्च्या वाक्यालाही वजन देतो, आणि ऐकताना डोळे भरून येतात ते वाक्यामुळे की आवाजामुळे, हे कळत नाही. वाचकाजवळ तुमचा आवाज पोहोचत नाही. शिवाय मृत्यू, मारहाण किंवा अपमान यांचे प्रसंग एकट्याने पुन्हा पुन्हा करू नयेत. एका आजारपणाच्या कथेसाठी मी तसे केले होते आणि दोन दिवस मला घरातल्या माणसांशी नीट बोलता आले नव्हते. असा प्रसंग एकदाच करावा, त्यात कुणा जवळच्या गेलेल्या माणसाच्या लकबी आणू नयेत, आणि संपल्यावर तोंड धुऊन, दिवा लावून, काही साधे घरकाम हाती घ्यावे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना शेजाऱ्यांचा संकोच वाटतो, तो समजण्यासारखा आहे. घरच्यांना आधी सांगून ठेवावे, म्हणजे बंद दाराआडचे रडणे ऐकून कुणी घाबरत नाही. पहाटे मेघदूत उपवनासारख्या ठिकाणी चालताना पुटपुटले तरी चालते, फोनवर बोलणाऱ्यांमध्ये आपण खपून जातो. मात्र कुजबुजत केलेल्या फेरीवर आवाजाच्या चढउताराचे निर्णय घेऊ नयेत.

एखादा लिहिणारा मित्र किंवा मैत्रीण मिळाली तर फार चांगले. त्यांना खर्डा दाखवू नये आणि कथाही सांगू नये. त्यांच्या पात्राला काय हवे आहे आणि काय माहीत नाही, एवढेच एका चिठ्ठीवर लिहून द्यावे. माझ्या मैत्रिणीने दादा केला तेव्हा तिने सहीचा विषयच काढला नाही. तिने तीन वेळा पोह्यांचे कौतुक केले आणि कागद आपणहून सुधाच्या नजरेस पडेल अशी वाट पाहत बसून राहिली. मी लिहिलेल्या दादापेक्षा तो कितीतरी अधिक दुबळा आणि अधिक खरा होता, आणि मी त्याला तसाच ठेवला.

शेवटची तपासणी दुसऱ्याच्या तोंडून करावी. लिहून झालेला प्रसंग चार दिवस बाजूला ठेवावा आणि मग ज्याला कथा माहीत नाही अशा माणसाला तो सपाट आवाजात, वर्तमानपत्रातली बातमी वाचावी तसा वाचायला सांगावा. आपण समोर बसून फक्त ऐकावे आणि मध्ये बोलू नये. तो कुठे अडखळतो, कुठे मागच्या ओळीवर परत जातो, कुठे न सांगता त्याचा वेग मंदावतो, तिथे पेन्सिलची खूण करावी. मग पूर्ण प्रसंग पुन्हा करत बसण्याची गरज नसते. खूण केलेल्या ओळीपुरते उठावे, हातात चाळणी घ्यावी, आणि तेवढेच परत करून पाहावे.